बडोद्यात कारखान्यासाठी जागा शोधताय? प्लॉट बघायला जायच्या आधी हे वाचून घ्या

मी दांडिया बाजारचा. आमचं फॅब्रिकेशन आणि पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे, अकरा वर्षं मकरपुरा जीआयडीसीत (जीआयडीसी म्हणजे गुजरातची एमआयडीसी) भाड्याच्या शेडमध्ये काढली आणि मग घरच्यांच्या आणि बँकेच्या जोरावर स्वतःची जागा घ्यायचं ठरवलं. वाटलं होतं दोन-तीन महिन्यांत उरकेल. लागली दोन वर्षं. त्यात एकदा बाना दिला (बाना म्हणजे आपला विसार, पण बडोद्यात विसार म्हटलं तर दलाल तोंडाकडे बघतो) आणि त्यातला अर्धा गेला, एकदा सगळं ठरलेलं असताना पावसामुळे वाचलो. आता ओळखीतली पोरं येऊन तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. उदाहरणं बडोद्याची आहेत, पण क्रम कुठल्याही गावाला चालेल.

१. आधी घरी बसून आपल्या युनिटचा खुराक लिहा

सगळे उलटं करतात, मीही केलं. आधी प्लॉट बघायचा, भाव ऐकायचा, खूश व्हायचं आणि मग आपला कारखाना त्यात कोंबायचा. त्यापेक्षा एक वही घ्या आणि रोज आपल्याला काय लागतं ते लिहा. विजेचा लोड किती केव्हीए, पाणी किती लिटर, घाण पाणी किती निघतं आणि त्यात काय असतं, गॅस लागतो का, माणसं किती आणि किती शिफ्टमध्ये, त्यात बायका किती, सगळ्यात मोठी गाडी कुठली येते, कच्चा माल कुठून येतो आणि तयार माल कुठे जातो.

आमचं सांगतो. लोड ८५ केव्हीए, पाणी दिवसाला चार हजार लिटरच्या आसपास, ओव्हनला गॅस, २२ माणसं, आठवड्याला तीन-चार गाड्या पत्रा आणि पाइप, आणि माल जातो मुख्यतः सावली आणि हालोलच्या पार्ट्यांना. आता हे लिहिल्यावर लगेच दोन गोष्टी दिसल्या ज्या अकरा वर्षांत दिसल्या नव्हत्या. एक, आमची बहुतेक गिऱ्हाईकं शहराच्या उत्तरेला आणि पूर्वेला आणि आम्ही बसलोय दक्षिणेला, म्हणजे प्रत्येक गाडी अख्खं शहर वळसा घालून जातेय. दुसरं, आम्ही बघत होतो तेव्हा गुजरातमध्ये १०० केव्हीएपर्यंत एलटी म्हणजे कमी दाबाचं कनेक्शन मिळायचं, त्याच्या वर गेलात की एचटी, जास्त दाबाचं, म्हणजे स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, मीटरिंगचं वेगळं क्युबिकल, त्याला जागा, त्याचा खर्च. दुसरा ओव्हन टाकायचा विचार होता, तो टाकला की आम्ही १३० वर. म्हणजे जागा शोधायची ती एचटीचीच.

पाच वर्षांनंतरचा आकडापण शेजारी लिहा. खोटं लिहू नका, बँकेला दाखवायचा प्रोजेक्ट रिपोर्ट वेगळा आणि ही वही वेगळी.

२. भाड्याचा शेड, जीआयडीसीचा प्लॉट की शेतजमीन

नवीन माणसाला माझा सल्ला, पहिली दोन-तीन वर्षं भाड्यानेच घ्या. फक्त एक बघा, मूळ मालकाने जीआयडीसीकडून पोटभाड्याची परवानगी घेतलीय का. बरेच जण घेत नाहीत, मग लाइट त्याच्या नावावर, प्रदूषण मंडळाची परवानगी कुणाच्याच नावावर नाही, आणि तुम्ही कर्जासाठी गेलात की बँक विचारते इथे तुमचं काय आहे.

जीआयडीसीचा प्लॉट म्हणजे मालकी नाही, लीज, साधारण ९९ वर्षांचं. नवीन इस्टेट असेल तर ऑनलाइन अर्ज, भरलेली इस्टेट असेल तर लिलाव, आणि मकरपुऱ्यासारख्या जुन्या ठिकाणी बहुतेक व्यवहार म्हणजे एकाचं लीज दुसऱ्याने घ्यायचं. त्यात ट्रान्सफर फी लागते आणि ती कोण भरणार हे तोंडी ठरवू नका. जुन्या धारकाने प्लॉट वर्षानुवर्षं रिकामा ठेवला असेल तर न वापरल्याचा दंड साठलेला असतो, सर्व्हिस चार्ज थकलेला असतो, तो सगळा शेवटी तुमच्या गळ्यात येतो. म्हणून नो ड्यूज आधी, पैसे नंतर. असा लीजचा हक्क विकत घेताना १८ टक्के जीएसटी लागतो की नाही यावर खूप गोंधळ होता, जानेवारी २०२५ मध्ये गुजरात हायकोर्टाने लागत नाही असा निकाल दिलाय, पण सौदा लिहायच्या आधी आजची परिस्थिती काय आहे ते सीएला विचाराच, कारण १८ टक्के म्हणजे एक ओव्हन येतो त्यात.

तिसरा रस्ता शेतजमिनीचा. गुजरातमध्ये शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, पण खराखुरा उद्योग टाकायचा असेल तर गणोतधाऱ्याच्या म्हणजे आपल्या कूळकायद्याच्या कलम ६३ एए खाली घेता येते, घेतल्यावर ३० दिवसांत कलेक्टरला कळवावं लागतं आणि ठराविक मुदतीत उत्पादन सुरू करावं लागतं. ही मुदत लोक विसरतात. जमीन घेऊन ठेवू आणि भाव वाढला की विकू, असं डोक्यात असेल तर हा रस्ता तुमचा नाही.

आणि चौथा एक प्रकार हल्ली फार दिसतो, खाजगी इंडस्ट्रियल पार्क. गेट छान, कारंजं छान. तिथे एवढंच विचारा की आतला रस्ता कुणाच्या नावावर आहे, गटार कुठे जाऊन मिळतं, आणि बिल्डर निघून गेल्यावर स्ट्रीट लाइटचं बिल कोण भरणार. दोन ठिकाणी मला या तिन्हीचं उत्तर एकच मिळालं, "साहेब, ए बधुं थई जशे", म्हणजे ते सगळं होऊन जाईल.

३. बडोद्याच्या कुठल्या बाजूला काय

मकरपुरा: शहराला चिकटून. इथली खरी किंमत जमिनीची नाही, शेजाऱ्यांची आहे. लेझर कटिंग, बेंडिंग, सीएनसी, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, सगळं स्कूटरवर दहा मिनिटांत. सकाळी डाय तुटली, दुपारी दुरुस्त होऊन आली, हे दुसरीकडे होत नाही. जॉबवर्कवर चालणारं छोटं युनिट असेल तर इथून हलायच्या आधी तीनदा विचार करा. पण जागा नाही आणि असेल तर परवडत नाही.

पोर-रमणगामडी: दक्षिणेला हायवे ४८ वर. सुरत-मुंबईकडे माल जात असेल तर ठीक, पण जांबुवा आणि बामणगामचे अरुंद पूल आणि तिथला ट्रॅफिक प्रत्येक बडोदेकराला पाठ आहे. प्लॉट बघायला रविवारी सकाळी नेतात तेव्हा रस्ता मोकळा असतो.

वाघोडिया पूर्वेला, सावली-मंजुसर उत्तरेला. मंजुसर-सावलीच्या पट्ट्यात इंजिनिअरिंगचं काम भरपूर, मेट्रोचे डबे बनवणारा आल्स्टॉमचा, म्हणजे आधीच्या बॉम्बार्डियरचा कारखाना सावलीतच आहे, त्यामुळे आमच्यासारख्या फॅब्रिकेशनवाल्यांना तिकडे ओढा. हालोल चाळीसेक किलोमीटर, पण जिल्हा पंचमहाल, म्हणजे कलेक्टर ऑफिसची कामं गोध्र्याला, हे लक्षात ठेवा. जनरल मोटर्सचा जुना प्लांट तिथला, २०१७ मध्ये तो बंद झाला आणि एमजी मोटरवाल्यांनी घेतला. त्या वेळी फक्त त्या एका कंपनीच्या भरवशावर हालोलला गेलेल्यांची काय धांदल झाली ते मी जवळून बघितलंय. एकाच गिऱ्हाइकाच्या दारात घर बांधू नका एवढंच म्हणतो.

नंदेसरी: केमिकलवाल्यांसाठी. तिथलं सांडपाणी सामायिक प्लांटमध्ये शुद्ध होऊन पुढे सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या चॅनलमधून खंभातच्या आखाताकडे जातं. तुमचं काम केमिकलचं नसेल तर तिथे जायचं कारण नाही, तिथल्या हवेत पावडर कोटिंगचा जॉब बाहेर ठेवला तर काय होईल याचा मला प्रयोग करायचा नव्हता.

पादरा-जंबुसर रोड: फार्मा आणि केमिकल. याच्याबद्दल खाली पुलाच्या निमित्ताने.

आणि हो, २८ ऑक्टोबर २०२४ ला टाटा-एअरबसच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, तेव्हापासून मला भेटलेला एकही दलाल असा नाही ज्याने "विमानवाळा आवे छे" म्हणून भाव चढवून सांगितला नाही. कोपऱ्यातल्या पाचशे वाराच्या तुकड्यालासुद्धा विमान.

४. लाइट: खांब आहे म्हणजे वीज आहे असं नाही

हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि प्लॉट बघताना लोक फक्त वर बघतात, तारा दिसल्या की खूश. विचारायचं हे की तार कुठल्या फीडरची, म्हणजे सबस्टेशनमधून निघालेल्या कुठल्या लाइनची आहे. गुजरातमध्ये ज्योतिग्राम योजनेपासून शेतीचे फीडर वेगळे केलेत, त्यांना ठरावीक तासच सप्लाय असतो. गावाचा ज्योतिग्राम फीडर वेगळा, इंडस्ट्रियल फीडर वेगळा. शेतजमिनीवरून जाणारी तार बहुतेक वेळा शेतीची असते. तुमच्या प्लॉटपर्यंत इंडस्ट्रियल फीडर आणायचा असेल तर मध्ये कुणाची शेतं येतात, ते खांब टाकू देतील का, आणि त्या लाइनचा खर्च एमजीव्हीसीएल, म्हणजे इथली वीज कंपनी, तुमच्या एस्टिमेटमध्ये लावणार, तो किती. म्हणून जागा पक्की करायच्या आधी त्या भागाच्या सबडिव्हिजन ऑफिसात जा, जवळचं सबस्टेशन कुठलं आणि तुमच्या लोडला तिथे जागा आहे का ते विचारा. तिथला ज्युनिअर इंजिनिअर दलालापेक्षा दहापट खरं बोलतो.

आता युक्ती. शेजारच्या कारखान्यात जा, ओळख काढा, चहा घ्या आणि हळूच त्यांचा डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, बघायला मागा. त्याच्यावर अवर मीटर असतो, सेट एकूण किती तास चालला ते त्यावर दिसतं. सेट कधी घेतला ते विचारा आणि भागाकार करा. माणूस म्हणतो "लाइट जातच नाही हो" आणि मीटर म्हणतो महिन्याला तीस तास. मी मीटरवर विश्वास ठेवतो. आमच्या ओव्हनमध्ये १८०-२०० डिग्रीला माल असतो, मध्येच दहा मिनिटं लाइट गेली तर ती बॅच घासून काढून परत मारावी लागते, पावडर गेली, गॅस गेला, दिवस गेला. तुमच्याकडे नुसतं असेंब्लीचं काम असेल तर एवढं मनावर घेऊ नका.

५. पाणी: येणारं, जाणारं आणि साचणारं

येणारं पाणी. जीआयडीसीत असेल तर लाइन आहे का आणि दिवसाला किती तास. बोअर करणार असाल तर भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे दिवसाला १० हजार लिटरपेक्षा कमी उपसणाऱ्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांना एनओसीतून सूट आहे, त्याच्या वर घ्यावी लागते. पण परवानगीपेक्षा मोठा प्रश्न खारटपणाचा. शेजारच्या बोअरचं पाणी बाटलीत घ्या आणि टीडीएस, म्हणजे क्षार किती ते, तपासा. आमच्या सेव्हन टँक प्रोसेसला (पावडर मारायच्या आधी माल धुवायच्या टाक्या) खारं पाणी वापरलं तर वर कितीही महाग पावडर मारा, सहा महिन्यांत फुगे येतात.

साचणारं पाणी. ही माझी पावसाची गोष्ट. २०२४ च्या जुलैत एक प्लॉट जवळपास ठरला होता, विश्वामित्रीच्या खालच्या अंगाला, भाव मस्त, रस्ता मस्त. वॉचमनला विचारलं, म्हणाला, "साहेब, अहीं क्यारेय पाणी नथी भरातुं", इथे कधीच पाणी भरत नाही. दलालपण तेच म्हणाला. दस्तावेज गणपतीनंतर करायचा ठरला. आणि ऑगस्टच्या शेवटी पूर आला, काळ्या घोड्याच्या पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट आहे, नदी ३५ च्या वर गेली. पाणी ओसरल्यावर मी आणि माझा पार्टनर चिखल तुडवत तिकडे गेलो. आमच्या त्या प्लॉटच्या शेजारच्या भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ, अगदी पट्टी लावून मारल्यासारखी. आणि तिच्या खाली, जुन्या चुन्यात, अजून एक फिकट रेघ. ती २०१९ ची असणार, त्या वर्षी ३१ जुलैला एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पडला होता. म्हणजे क्यारेय नाही म्हणता म्हणता पाच वर्षांत दोनदा.

मग डोक्यात प्रकाश पडला की मला हे जुलैतच कळायला हवं होतं. शेजारच्या कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर माणसाच्या उंचीच्या ओट्यावर बसवलेला होता. डीजी पण ओट्यावर. पॅनल रूमला चार पायऱ्या. हे कुणी हौस म्हणून करत नाही. तेव्हापासून नवीन जागेत गेलो की मी आधी आजूबाजूचे ओटे मोजतो.

आपल्याकडची बरीचशी जमीन काळी आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा. पाया खोल न्यावा लागतो, नाहीतर फरशी उचलते आणि मशीनची लेव्हल दर वर्षी बिघडते. मातीची टेस्ट करून घ्या, तिचा खर्च बांधकामापुढे काहीच नाही. भरावाचा खर्चपण जमिनीच्या भावात धरा. रस्त्यापेक्षा दोन फूट खाली असलेला स्वस्त प्लॉट भराव टाकल्यावर स्वस्त राहत नाही.

जाणारं पाणी पुढच्या मुद्द्यात.

६. जीपीसीबी, म्हणजे गुजरातचं प्रदूषण मंडळ

प्रदूषणाच्या हिशोबाने तुमचा उद्योग लाल, केशरी, हिरवा की पांढरा, ते आधी बघा, केंद्रीय मंडळाची यादी आहे. पांढऱ्याला बहुतेक नुसतं कळवायचं असतं. बाकीच्यांना बांधकामाच्या आधी एक संमती आणि उत्पादनाच्या आधी दुसरी. लोक शेड बांधून मग अर्ज करतात आणि मग अडकतात. जागेचा संबंध असा की लाल-केशरीवाल्यांना वस्ती, शाळा, पाण्याचा साठा यांच्यापासूनचं अंतर नडतं, आणि सांडपाणी असेल तर ते कुठे सोडणार हे कागदावर दाखवावं लागतं. सामायिक प्लांट जवळ असून भागत नाही, त्यात तुमच्या पाण्याला क्षमता शिल्लक आहे का, सभासदत्व मिळेल का, हे लेखी घ्या. बडोदा हे केंद्रीय मंडळाच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत आलेलं शहर आहे, त्यामुळे इथे छाननी जास्त.

जुना शेड विकत घेत असाल तर आधीच्या युनिटवर क्लोजर नोटीस होती का ते तपासा, आणि मागच्या बाजूला जाऊन जमीन बघा. एका ठिकाणी मागे गवत उगवतच नव्हतं, पिवळा पट्टा होता. आम्ही गाडीत बसलो आणि निघालो.

७. माणसं आणि गाड्या

दुपारी बारा वाजता एसी गाडीतून प्लॉट बघू नका. सकाळी साडेसातला राओपुऱ्यातून निघा, सहाला परत या, आणि एकदा रात्रीच्या शिफ्टच्या वेळी जा. माणसं कशावर येतात? शेअर रिक्षा किती वाजेपर्यंत? बायकांना संध्याकाळी सातला तिथून निघायला भीती वाटेल का? आमच्याकडे पॅकिंगला सहा बायका आहेत, वाडी आणि तरसालीच्या. नवीन जागा ठरवताना मी त्यांनाच टेम्पोत घालून दोन ठिकाणं दाखवली. एका ठिकाणाबद्दल मंगलताई एवढंच म्हणाल्या, "दादा, इथे दिवा नाहीये हो." ते ठिकाण बाद.

कुशल माणसांसाठी गोरवा आणि तरसालीच्या आयटीआय आहेत, पण वेल्डर हा प्राणी शेजारचा कारखाना पाचशे जास्त देतो म्हणून जातो. मोठ्या कंपनीच्या अगदी गेटसमोर छोटं युनिट टाकाल तर तिची ट्रेनिंग स्कूल व्हाल.

रस्त्याचं. एकच पूल, एकच फाटक, एकच वळण, यावर तुमची जागा अवलंबून आहे का बघा. ९ जुलै २०२५ ला महीवरचा गंभीरा पूल कोसळला, माणसं गेली, आणि पादरा आणि बोरसद-आंकलाव यांच्यातला रोजचा रस्ता एका सकाळी तुटला. नदीपलीकडून कामाला येणाऱ्यांना मोठा वळसा. म्हणून नकाशावर दुसरा रस्ता बोटाने काढून बघा, तो किती किलोमीटर होतो ते लिहा.

गाडीचं एक छोटं पण नडणारं. ४० फुटी ट्रेलर आत वळतो का? कागदावर रस्ता १२ मीटरचा असतो आणि प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना टपऱ्या, पार्क केलेले टेम्पो आणि एक लिंबाचं झाड. ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला हजार रुपये देऊन रिकामा ट्रेलर एकदा नेऊन बघा. निर्यात असेल तर दशरथ आणि वरणामाचे कंटेनर डेपो, हजिरा, दहेज, न्हावा शेवा, यातलं तुमचं कुठलं ते बघून बाजू निवडा. एक्सप्रेसवे जवळ आहे म्हणून उड्या मारू नका, चढायचा इंटरचेंज किती लांब आहे ते मोजा.

८. कागद, आणि अप्पांचे खांब

माझा बाना बुडाला तो इथे. जमीन एनए (बिगरशेती), मालक एक, सातबारा डोळ्यांना स्वच्छ. बाना दिला. कौतुकाने अप्पांना, म्हणजे वडिलांना, दाखवायला घेऊन गेलो. ते कोयलीच्या रिफायनरीतून रिटायर झालेत. गाडीतून उतरले, बांधावर पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, तो खांब बघितलास का? आणि तो तिकडचा? यांच्यामधली रेघ तुझ्या प्लॉटमधून जाते." मी ज्याला शेताची खूण समजत होतो तो पाइपलाइनचा मार्कर होता. बडोद्याच्या आजूबाजूला तेल आणि गॅसच्या लाइनींचं जाळं आहे, आणि १९६२ च्या पाइपलाइन कायद्याखाली त्या पट्ट्यावर कंपनीचा वापरहक्क असतो, जमीन तुमचीच, पण वर बांधकाम नाही, खोदाई नाही, मोठं झाड नाही. आमच्या प्लॉटच्या बरोब्बर मधून तिरका. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत एक ओळ होती, वकिलाने ती वाचली नव्हती आणि मी तर नाहीच. अर्धा बाना परत मिळाला तोही मामांनी चार वेळा जाऊन बसल्यावर.

तेव्हा हे सगळं हातात येईपर्यंत मोठी रक्कम देऊ नका:

- सातबारा, आठ-अ आणि गाव नमुना ६ (फेरफार) च्या जुन्या सगळ्या नोंदी, नुसती शेवटची नाही. सरकारच्या एनीआरओआर पोर्टलवर आधी घरबसल्या बघता येतात.
- जमीन जुनी शर्त की नवी शर्त (म्हणजे विकायला सरकारी बंधन असलेली). नवी असेल तर कलेक्टरची परवानगी आणि प्रीमियम.
- एनएचा हुकूम, आणि तो औद्योगिक वापराचाच आहे ना. रहिवासी एनएवर कारखाना बसत नाही.
- वुडाचा, म्हणजे बडोद्याच्या शहर विकास प्राधिकरणाचा, झोन दाखला. रस्ता रुंदीकरणात किती जातं ते त्याच वेळी विचारा.
- वकिलाचा टायटल रिपोर्ट आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस.
- जीआयडीसी असेल तर अलॉटमेंट लेटर, लीज डीड, नो ड्यूज, मंजूर प्लॅन.
- पाइपलाइन, हाय टेन्शन लाइन, नर्मदा कॅनॉल, रेल्वे, आणि हरणी विमानतळाच्या बाजूला असाल तर उंचीची एनओसी.
- फॅक्टरी प्लॅन औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे पास होईल का, ते आर्किटेक्टकडून. फायरचंही त्यालाच विचारा.

स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के आणि नोंदणी १ टक्का धरा, बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ. जंत्री (आपला रेडी रेकनर) १५ एप्रिल २०२३ पासून दुप्पट झालीय, जुन्या हिशोबाने बजेट केलेले आमच्यातले दोघे तिथे अडकले.

९. सबसिडी

थोडक्यात. आत्मनिर्भर गुजरात योजनेत, जी ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झाली, तालुक्यांचे तीन वर्ग केलेत, मागास तालुक्यात फायदा जास्त, शहराजवळ कमी. स्थानिक माणसांच्या ८५ टक्क्यांची अट असते ती वाचा. केंद्राची लघुउद्योगांची उद्यम नोंदणी करून घ्या. २०१९ च्या गुजरातच्या एमएसएमई कायद्याखाली पोचपावती घेतली तर राज्याच्या बऱ्याच परवानग्यांतून तीन वर्षं सूट मिळते, पण केंद्राच्या कायद्यांतून नाही, हे लक्षात ठेवा, जीपीसीबीला ती पावती दाखवून उपयोग नाही.

सबसिडीसाठी तालुका निवडू नका. आमच्या ओळखीतले एक जण त्यासाठी आत आडबाजूला गेले, सबसिडी यायची तेव्हा आली, पण तोपर्यंत रोज बस, रोज डिझेल, आणि मेकॅनिक यायला दुसरा दिवस.

१०. हिशोब आणि सौदा

शेवटी तीन जागा उरल्या की वही काढा. जमिनीचा भाव बाजूला ठेवून दर महिन्याचा खर्च मांडा: गाडीभाडं, माणसांची ने-आण, डीजीचं डिझेल, पाण्याचे टँकर, जॉबवर्कसाठीच्या फेऱ्या. मग जमीन आणि भरावाच्या कर्जाचा हप्ता त्यात मिळवा. आमच्याकडे जी जागा चौरस मीटरला सगळ्यात महाग होती ती महिन्याच्या हिशोबात दुसरी आली आणि स्वस्तातली शेवटची. पहिल्या नंबरची जी होती तिथे इंडस्ट्रियल फीडर नव्हता, म्हणून आम्ही दुसरी घेतली, मंजुसरच्या बाजूला. पार्टनर अजून म्हणतो पहिलीच घ्यायला हवी होती, फीडर आला असता वर्षभरात. येईलही, पण आमचा हप्ता त्याच्यासाठी थांबणार नव्हता.

बाना चेकने द्या, कमीत कमी द्या, आणि बानाखतात लिहून घ्या की टायटल, झोन, वीज आणि वापरहक्क यातलं काहीही आडवं आलं तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. मालक कुरकुरतो. कुरकुरू द्या. साफ नाही म्हणाला तर त्याला काहीतरी माहीत आहे जे तुम्हाला नाही.

आणि दस्तावेजाच्या आधी मापणी. दोरी धरायला स्वतः उभे राहा, भाचा-पुतण्याला पाठवू नका. आमच्या वेळी मागची बाजू कागदापेक्षा सव्वा मीटर कमी भरली, शेजाऱ्याचं कंपाउंड आत आलेलं होतं. भला माणूस निघाला, म्हणाला, "भाई, मने पण खबर नहोती", आणि आठवड्याभरात स्वतःच्या खर्चाने भिंत मागे घेतली. त्या सव्वा मीटरमध्ये आता आमचा गॅस बँक, म्हणजे ओव्हनच्या सिलिंडरांची रांग, उभा आहे.